सरकार नको म्हणणारे आपसात कशावरून भांडले?

दौतटाक

अमेरिकेतल्या लिबर्टेरियन (सरकार कमीत कमी असावं, किंवा नसावंच म्हणणाऱ्या) चळवळीबद्दल आपल्याकडे तीन गोष्टी ऐकून माहीत असतात. आयन रँडच्या जाडजूड कादंबऱ्या (कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला अंगात येतात, नोकरी लागली की उतरतात), मतांच्या एक टक्क्याभोवती घुटमळणारा लिबर्टेरियन पक्ष, आणि तेलवाल्या कोक बंधूंचा पैसा. या तिघांचं एकमेकांशी कधीच धड पटलं नाही, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं.

मागे एका चर्चेत कुणीतरी लिहिलं होतं की ही मंडळी फुटली ती 'सरकार थोडं हवं की अजिबात नको' या प्रश्नावर. ऐकायला पटतं. एकीकडे किमान राज्यवाले: पोलीस, न्यायालयं आणि लष्कर ठेवा, बाकी दुकान बंद करा. दुसरीकडे अर्थतज्ज्ञ मरे रॉथबर्ड आणि त्याचे अराज्यवादी: पोलीस आणि न्यायनिवाडासुद्धा बाजारातून विकत घेता येईल. याहून मोठा मतभेद कुठला असणार? माझं म्हणणं असं की नेमका हाच वाद त्यांनी शहाण्यासारखा मिटवला. फाटलं ते निष्ठा, युद्ध आणि पैसा यांवरून.

१९४६ पासून धरू. लेनर्ड रीडने न्यूयॉर्कजवळ आयर्व्हिंग्टनला फाउंडेशन फॉर इकॉनॉमिक एज्युकेशन ही संस्था नुकतीच काढली होती. तिने भाडेनियंत्रणाविरुद्ध एक पुस्तिका छापली. लेखक होते मिल्टन फ्रीडमन आणि जॉर्ज स्टिगलर, दोघंही तेव्हा तरुण, दोघंही पुढे नोबेलवाले. त्यात त्यांनी जाता जाता म्हटलं की आमच्यासारख्या ज्यांना आजच्यापेक्षा अधिक समता हवी आहे, त्यांनीही भाडी गोठवण्यापेक्षा विषमतेवर थेट उपाय करावा. झालं! रीडच्या लोकांना ते वाक्य टोचलं. लेखक ते काढेनात, तेव्हा प्रकाशकाने खाली टीप टाकून हात झटकले. रँडबाईंना तर ती पुस्तिका समूहवाद्यांचा प्रचार वाटली. भाडेनियंत्रण उठवा म्हणणारी पुस्तिका, बरं का. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडात अर्थतज्ज्ञ हायेकने माँ पेलेराँला बैठक बोलावली. तिथे उत्पन्नाच्या वाटपावर चर्चा चालू असताना दुसरा अर्थतज्ज्ञ लुडविग फॉन मिझेस 'तुम्ही सगळे समाजवादी आहात' असं म्हणून तडक उठून गेला. फ्रीडमन हा किस्सा नंतर चवीने सांगायचा. खोलीत बसलेले 'समाजवादी' कोण, तर हायेक, फ्रीडमन, स्टिगलर, लायनेल रॉबिन्स!

ही झाली नांदी. खरं नाट्य १९५८ चं आहे.

रॉथबर्ड न्यूयॉर्कचा. मिझेसच्या सेमिनारला जाणारा, गप्पिष्ट, रात्री जागणारा. त्याच्या घरी जमणाऱ्या पोरांच्या कंपूचं नाव 'सर्कल बास्तिया': राल्फ रेको, लेनर्ड लिजिओ, जॉर्ज रीसमन, रॉबर्ट हेसन वगैरे. रँडचाही एक कंपू होता आणि तो स्वतःला गमतीने 'द कलेक्टिव्ह' (म्हणजे समूह) म्हणवायचा. अॅलन ग्रीनस्पॅन त्यातलाच, हो, तोच पुढे फेडरल रिझर्व्हचा प्रमुख झालेला. १९५७ च्या ऑक्टोबरात रँडची 'अॅटलस श्रग्ड' आली आणि रॉथबर्डने तिला पत्र लिहून कादंबरीची तोंड भरून स्तुती केली. दोन्ही कंपू एकत्र बसू लागले.

रॉथबर्डला प्रवासाची भीती वाटायची, शहराबाहेर पडणं नको व्हायचं. त्यावर उपचार करून घ्यायला तो कुणाकडे गेला? नॅथॅनिएल ब्रँडनकडे, म्हणजे रँडच्या पट्टशिष्याकडे. इथेच त्याने पायावर धोंडा मारून घेतला असं मला वाटतं. जो तुमच्या डोक्यातल्या भीती ऐकतो तोच तुमच्या पंथाचा कोतवाल असेल, तर पुढचं रामायण ठरलेलं. रॉथबर्डची बायको जोई श्रद्धाळू प्रेस्बिटेरियन. नास्तिक विवेकवाद्याने देव मानणाऱ्या बाईशी संसार करणं हे 'अविवेकी' आहे, असा दबाव आपल्यावर आणला गेला, असं रॉथबर्डने पुढे सांगितलं. त्याने जॉर्जियातल्या एका परिसंवादासाठी लिहिलेल्या निबंधावरून ब्रँडनने वाङ्मयचौर्याचा आरोप केला: कल्पना रँडच्या आणि ब्रँडनची बायको बार्बरा हिच्या प्रबंधातल्या उचलल्या म्हणून. रॉथबर्डचं उत्तर असं की या कल्पना सेंट थॉमस अॅक्विनसच्या परंपरेत शेकडो वर्षं पडून आहेत, रँडने त्यांचा शोध लावलेला नाही. कलेक्टिव्हने त्याला जाब द्यायला बोलावलं, तो गेलाच नाही. रीसमन आणि हेसन रँडकडे राहिले. बास्तिया मंडळ फुटलं.

या सगळ्यात 'सरकार हवं की नको' हा प्रश्न कुठे आला? त्यावर त्यांचे मतभेद होतेच, पण त्यावरून कुणी कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं नव्हतं.

दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, ब्रँडनचीच हकालपट्टी झाली. रँडने आपल्या मासिकात लांबलचक निवेदन छापून त्याच्या नैतिक घसरणीचा पाढा वाचला. खरं कारण, म्हणजे दोघांचं वर्षानुवर्षांचं प्रेमप्रकरण आणि त्याचं दुसरीकडे जडलेलं मन, त्यात नव्हतं. ते जगाला कळलं रँडच्या मृत्यूनंतर, १९८६ मध्ये बार्बरा ब्रँडनच्या चरित्रातून.

आता १९६९. यंग अमेरिकन्स फॉर फ्रीडम ही कॉन्झर्व्हेटिव्ह तरुणांची संघटना, १९६० मध्ये संपादक विल्यम बकलीच्या कनेक्टिकटमधल्या घरी जन्मलेली. परंपरावादी आणि लिबर्टेरियन दोघं तिच्यात नांदत होते, कारण दोघांचा शत्रू एकच, साम्यवाद. व्हिएतनामने ते नांदणं संपवलं. सरकार वीस वर्षांच्या पोराला पकडून जंगलात मरायला पाठवतं, याहून मोठी करवसुली कुठली, असं लिबर्टेरियन पोरं विचारू लागली. ऑगस्टअखेर सेंट लुईसला अधिवेशन भरलं. त्याआधी रॉथबर्डने आपल्या पत्रिकेतून या पोरांना उघड चिथावलं होतं: बाहेर पडा, ही तुमची माणसं नव्हेत. कार्ल हेसही तिथे पोचला. एकेकाळी रिपब्लिकन नेता बॅरी गोल्डवॉटरची भाषणं लिहिणारा हा माणूस आता लष्करी कपडे घालून नव्या डाव्यांबरोबर (साठीच्या दशकातल्या बंडखोर तरुण डाव्यांबरोबर) फिरत होता! रात्री गेटवे आर्चच्या कमानीखाली त्याने सभा घेतली. सभागृहात सक्तीच्या भरतीला सक्रिय विरोध करण्याचा ठराव पडला, आणि एका पोराने ड्राफ्ट कार्ड, म्हणजे लष्करभरतीचं कार्ड (म्हणे त्याची नक्कल) सगळ्यांसमोर पेटवलं. हाणामारी झाली. 'लेसे फेअर' (बाजाराला मोकळं सोडा) अशी घोषणा एका बाजूने, तर दुसऱ्या बाजूने त्याचंच विडंबन करून 'लेझी फेअरीज'. त्या वर्षअखेरीला हकाललेले आणि निघालेले मिळून सोसायटी फॉर इंडिव्हिज्युअल लिबर्टी उभी राहिली. आज ज्याला स्वतंत्र लिबर्टेरियन चळवळ म्हणतात ती त्या अधिवेशनातून निघाली, असं मी मानतो.

पक्ष निघाला १९७१ च्या डिसेंबरात, कोलोरॅडोत, डेव्हिड नोलन आणि त्याच्या मित्रांच्या दिवाणखान्यातल्या बैठकींमधून. निमित्त निक्सनचं. त्याने १५ ऑगस्टला पगार आणि किमती गोठवल्या आणि डॉलरचं सोन्याशी असलेलं नातं तोडलं. या पक्षात किमान राज्यवाले आणि अराज्यवादी दोघं शिरले, आणि १९७४ मध्ये डॅलसच्या अधिवेशनात त्यांनी तह केला: जाहीरनाम्यात राज्यसंस्था असावी की नसावी याबद्दल अवाक्षर लिहायचं नाही. सरकारने काय काय करू नये तेवढं लिहायचं. ज्याला थांबायचंय त्याने वाटेत उतरावं, ज्याला टोकाला जायचंय त्याने पुढे जावं. जगातल्या डाव्यांना हे शंभर वर्षांत जमलं नाही, यांना एका अधिवेशनात जमलं.

मग पैसा आला. कॅन्ससच्या विचिटाचा तेलवाला चार्ल्स कोक. त्याच्या पैशावर, एड क्रेनच्या हाताखाली १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला केटो इन्स्टिट्यूट ही विचारसंस्था सुरू झाली. नाव रॉथबर्डने सुचवलेलं. तो संचालक, भागधारकही. १९८० च्या निवडणुकीत एड क्लार्क अध्यक्षपदाला आणि चार्ल्सचा भाऊ डेव्हिड कोक उपाध्यक्षपदाला उभा राहिला. डेव्हिडच का? निवडणूक कायद्यात देणगीदाराला मर्यादा होती, पण उमेदवाराला स्वतःच्या प्रचारावर हवा तेवढा खर्च करता येत होता. साधारण २० लाख डॉलर त्याने ओतले. मतं पडली ९ लाख २१ हजार, एक टक्क्याच्या किंचित वर. मात्र क्लार्कने टीव्हीवर आपलं तत्त्वज्ञान 'कमी करांचा लिबरलवाद' असं सांगितलं आणि रॉथबर्डचं डोकं सरकलं. प्राप्तिकर रद्द करा म्हणायचं सोडून कपात करा म्हणता? त्याने इतकी आगपाखड केली की १९८१ च्या मार्चमध्ये केटोने त्याला काढलं आणि त्याचे शेअरही ताब्यात घेतले. १९८२ मध्ये ल्यू रॉकवेलने अलाबामात मिझेस इन्स्टिट्यूट काढली, रॉथबर्ड तिकडे. १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या अधिवेशनात क्रेन गटाचा उमेदवार अर्ल रॅव्हनल डेव्हिड बर्गलंडकडून निसटता हरला, आणि क्रेनची माणसं पैशासकट चालती झाली. पुढच्या वर्षी बर्गलंडला मिळाली २ लाख २८ हजार मतं.

डॅलसचा तह मात्र तेव्हाही शाबूत होता. म्हणून विचारतो: कोणतं भांडण खरं तत्त्वाचं होतं?

सुपारीफोड्या

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आमच्या समाजवाद्यांना उगाच नावं ठेवत होतो.

वैदेही_एडिसन

लेख आवडला, पण रँडवर अन्याय झालाय. शिवाय सुरुवात १९४६ पासून का? १९४३ हे वर्ष घ्या. त्या एका वर्षात तीन बायकांची तीन पुस्तकं आली: रोझ वाइल्डर लेन, इझाबेल पॅटरसन आणि रँड. युद्धाच्या ऐन धामधुमीत, रूझवेल्टची चलती असताना, पुरुष मंडळी गप्प होती तेव्हा या तिघींनी पाया घातला. पॅटरसन वर्तमानपत्रात पुस्तकांवर सदर लिहायची, आणि रँडला अमेरिकन इतिहास शिकवला तो तिने. १९४८ मध्ये ती कॅलिफोर्नियात रँडच्या घरी पाहुणी आली असताना दोघींचं बिनसलं. म्हणजे तुमच्या यादीतली पहिली फूट इथे हवी.

आणि रँडला निव्वळ पंथाची मठाधिपती ठरवू नका. तिचं म्हणणं सरळ होतं: माझ्या नीतिशास्त्राशिवाय माझं राजकारण उचलाल तर ते हवेत लोंबकळेल. 'सरकार नको' असं एक जण देवासाठी म्हणतो, दुसरा गांजा ओढायला मिळावा म्हणून, तिसरा कर चुकवायला, आणि तिघं एका पक्षात बसतात, हे तिला फसवं वाटायचं. म्हणून ती यांना 'उजवे हिप्पी' म्हणायची. हा तत्त्वाचाच मुद्दा आहे.

दौतटाक

वैदेहीताई, १९४३ बद्दल मान्य, ते वर्ष लेखात हवं होतं. पण रँडच्या तत्त्वाची परीक्षा १९७२ मध्ये झाली होती. लिबर्टेरियन पक्षाचा अध्यक्षपदाचा पहिला उमेदवार जॉन हॉस्पर्स: तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, किमान राज्यवाला, एकेकाळी रात्र-रात्र तिच्याशी वाद घालणारा मित्र. हार्वर्डला तिच्या व्याख्यानावर त्याने चारचौघांत टीका केली आणि मैत्री संपली होती. बाईंनी मत द्यायला सांगितलं ते निक्सनला, डेमोक्रॅट मॅकगव्हर्न नको म्हणून. ज्याने वर्षभरापूर्वी किमती गोठवल्या त्याला!

(हॉस्पर्सला साडेतीन हजारांवर थोडी मतं मिळाली, पण एक इलेक्टोरल मतही (अध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचकाचं मत) मिळालं. व्हर्जिनियाचा रॉजर मॅकब्राइड निक्सनसाठी निवडला गेला होता, त्याने ऐनवेळी हॉस्पर्स आणि टोनी नेथन यांना मत दिलं. इलेक्टोरल मत मिळालेली पहिली स्त्री म्हणजे या नेथनबाई. आणि मॅकब्राइड हा तुमच्या रोझ वाइल्डर लेनचा वारस.)

गिरगावकर_जुना

भाडेनियंत्रणाच्या पुस्तिकेवरून हसू आलं. ते लोक तिकडे एका वाक्यावरून भांडत होते तेव्हा इकडे १९४७ चा मुंबई भाडेकायदा येत होता. १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं तेच 'स्टँडर्ड रेंट'. आमच्या चाळीचा मालक दुरुस्ती का करत नाही हे समजायला कुणा नोबेलवाल्याची गरज नव्हती. पागडी दिली की कळायचं.

पण लिहायला आलो ते दुसऱ्याच कारणासाठी. या चळवळीची एक शाखा गिरगावच्या पलीकडे सँडहर्स्ट रोडला होती हे किती जणांना माहीत आहे? रणछोडदास लोटवाला. पिठाच्या गिरणीचे मालक. १९२१ मध्ये तरुण श्रीपाद अमृत डांग्यांनी गांधी आणि लेनिन यांच्यावर पुस्तिका लिहिली ती यांच्या वाचनात आली, आणि त्यांनी डांग्यांना आश्रय दिला, मार्क्सवादी पुस्तकं मागवून दिली. भारतातल्या कम्युनिस्ट चळवळीचे हे पहिले आश्रयदाते. म्हातारपणी हेच गृहस्थ पार दुसऱ्या टोकाला गेले आणि लिबर्टेरियन सोशल इन्स्टिट्यूट चालवू लागले. 'द इंडियन लिबर्टेरियन' नावाचं नियतकालिक पन्नाशीच्या दशकात तिथून निघत असे. एका माणसाच्या तिजोरीतून दोन्ही टोकं पोसली गेली.

सुपारीफोड्या

लोटवालांचं जबरदस्त आहे. म्हणजे आपला कोक आधी डाव्यांना पोसून मग इकडे आला!

कृष्णाकाठ

धागाकर्त्यांच्या मांडणीत मला एक मोठं भोक दिसतं. 'युद्ध' हे तत्त्वाबाहेरचं कारण म्हणून का धरलंय? रॉथबर्डच्या दृष्टीने युद्ध हाच राज्यसंस्थेचा खरा प्राण. कर, भरती, सेन्सॉरशिप, किंमतनियंत्रण, सगळं युद्धाच्या पाठीवर बसून येतं आणि युद्ध संपलं तरी जात नाही. म्हणून तर तो १९६५ मध्ये 'लेफ्ट अँड राइट' हे नियतकालिक काढून नव्या डाव्यांकडे वळला. बकलीचा गट म्हणत होता की साम्यवाद संपेपर्यंत मोठं सरकार सहन करू. हा तर 'सरकार किती' याचाच वाद झाला, शब्द तेवढे वेगळे. तुम्ही डॅलसच्या तहाला फार भाव देताय. तो तह शक्य झाला कारण युद्धाचा प्रश्न सेंट लुईसला आधीच निकालात निघाला होता. ज्यांचं जमणार नव्हतं ते बाहेरच राहिले होते.

दौतटाक

हा मुद्दा वजनदार आहे. शेवटचं वाक्य तर मला फारच पटलं: तह कोण करतंय हे आधीच्या भांडणाने ठरवलं होतं.

तरीही एक अडचण राहते. युद्धविरोध हेच तत्त्व असेल तर रॉथबर्ड आणि हेस एकत्र राहायला हवे होते. १९६९ च्याच ऑक्टोबरात न्यूयॉर्कला दोघांनी परिषद भरवली. हेसने भाषणात फोर्ट डिक्सच्या लष्करी तळावर मोर्चा न्यायची हाक दिली, अर्धी पोरं परिषद सोडून गेली आणि अश्रुधूर खाऊन परत आली. रॉथबर्ड वैतागला. त्याला डाव्यांशी युती हवी होती, पण डावं होणं नको होतं. थोड्याच काळात दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. युद्धावर दोघांचं शंभर टक्के एकमत असताना! हेस नंतर कर द्यायचंच बंद करून वेल्डिंगवर आणि वस्तूंच्या अदलाबदलीवर जगला. सगळ्या गोतावळ्यात बोलल्याप्रमाणे वागलेला तोच एक, असं माझं मत.

कृष्णाकाठ

हेसचं उदाहरण चांगलं आहे, पण त्यातून 'कार्यपद्धती' हे चौथं कारण निघतं. ते तुमच्या यादीत नाही.

निनावी_पेठकर

कार्यपद्धतीचा विषय निघालाच आहे तर सॅम्युअल कोंकिनला का वगळलं? त्याच्या मते पक्ष काढणं हाच मूळ द्रोह. सरकार नको म्हणता आणि सरकारात जायला मतं मागता? त्याचा उपाय: मतदान सोडा, करबाह्य बाजार वाढवा, काळा बाजार हीच क्रांती. त्याला त्याने 'अॅगोरिझम' म्हटलं, १९८० मध्ये जाहीरनामाही काढला. कोकच्या पैशाने चळवळीतल्या सगळ्या संस्थांना घातलेल्या विळख्याला 'कोकटोपस' हे नाव त्याचंच. आणि त्याच्याही आधी रॉबर्ट लफेव्हर. कोलोरॅडोत फ्रीडम स्कूल चालवायचा. मतदान नाही, बंड नाही, स्वसंरक्षणासाठीसुद्धा बळ वापरायचं नाही. चार्ल्स कोक त्या शाळेचा विद्यार्थी! मतपेटीला हात लावू नका असं शिकून आलेल्याने मतपेटीवर लाखो डॉलर लावले.

जोंधळा

आपल्याकडे शरद जोशींनी तेच केलं की. आधी राजकारण नको म्हणत संघटना बांधली, मग १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला, पुढे राज्यसभेत गेले. तेव्हाही गावोगाव हीच भांडणं.

दौतटाक

जोंधळा, यावर तुम्हीच वेगळा धागा काढा. जोशींच्या आंबेठाणची माहिती असलेले बरेच लोक इथे आहेत, इथे ते दोन ओळींत उरकलं जाईल.

कोंकिनबद्दल: त्याला वगळलं कारण त्याच्यामुळे मोठी फूट पडली नाही. गंमत म्हणजे रॉथबर्डही सुरुवातीला पक्षाच्या विरोधातच होता. अजून वेळ आलेली नाही, म्हणायचा. मग आला, आणि आल्यावर सगळ्यात कडक सोवळं त्यानेच पाळायला घेतलं.

वैदेही_एडिसन

केटोच्या शेअरचा पुढचा अंक सांगायचा राहिला. केटो विनानफा संस्था असूनही तिला भागधारक होते, ही विचित्र रचना तशीच चालू राहिली. २०११ मध्ये त्यातले एक भागधारक, विल्यम निस्कॅनन वारले. त्यांचे शेअर बायकोकडे जाणार की नाही यावरून कोक बंधूंनी २०१२ मध्ये केटोविरुद्ध कोर्टात धाव घेतली. समोर एड क्रेन! संस्थेची स्वायत्तता धोक्यात आहे, असं आता तो म्हणत होता. शेवटी तडजोड झाली: भागधारकांची पद्धत बंद, क्रेन निवृत्त.

निनावी_पेठकर

म्हणजे दोन्ही वेळा निवाडा कागदावर कुणाची मालकी होती यावर. खाजगी मालमत्तेचं तत्त्व मानणाऱ्यांना तक्रार करायला जागा नाही.

कृष्णाकाठ

आणि रॉथबर्डचं १९८९ नंतरचं काय? पक्ष सोडून तो उजव्या रिपब्लिकन पॅट ब्युकॅननच्या मागे गेला. स्थलांतर आणि मुक्त व्यापार दोन्हींच्या विरोधात असलेल्या माणसामागे! निष्ठा, युद्ध, पैसा, यातलं काय लावणार तिथे?

दौतटाक

युद्धच. ब्युकॅनन आखाती युद्धाच्या विरोधात होता आणि रॉथबर्डने त्या एका मुद्द्यासाठी बाकीचं बरंच गिळलं. १९६५ मध्ये डाव्यांबाबत त्याने हेच केलं होतं. फक्त या वेळी सोबत आलेलं सामान जास्त वाईट होतं, आणि ते त्याला खटकतही नव्हतं. इथे हे उदाहरण माझ्यापेक्षा तुमच्या आधीच्या मुद्द्याच्याच बाजूने जातं, हे लिहून ठेवतो.

सुपारीफोड्या

पॉपकॉर्न संपले. जोंधळा, शरद जोशींचा धागा कधी काढताय?